मर्यादा मायक्रोग्रॅमची, हिशेब तासांचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी आठ संकरित गायी आहेत. दोन्ही वेळचं मिळून सुमारे ८० लिटर दूध ३४ रुपये दराने गावातल्या संकलन केंद्राला जातं. गेल्या महिन्यात कपिला नावाच्या गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. औषधाच्या दुकानातून सुट्या आणलेल्या पेनिसिलिनच्या ट्यूबा (प्रत्येकी १ लाख युनिट) तीन दिवस सडात घातल्या. शेवटच्या ट्यूबनंतर दुसऱ्या दिवशी तिचं दूध बाकीच्यांच्या दुधात मिसळून घातलं आणि दुधात औषधाचा अंश ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का हे पाहणाऱ्या पट्टीच्या तपासणीत ४० लिटरचा अख्खा कॅन परत आला. आता घरात तीन मतं आहेत. दीर म्हणतात, "मर्यादा ठरवलीय म्हणजे तेवढं चालतं, नीट मिसळलं की खाली येतं." अन्नतंत्र शिकणारी मुलगी म्हणते, "दुधात औषध शून्यच हवं, मर्यादा ही कंपन्यांची सोय आहे." सासूबाई असं दूध चांगलं उकळून घरात वापरतात आणि दिरांचा चार वर्षांचा मुलगा ते पितो. ताई विचारतात, "ही मर्यादा कोण ठरवतं आणि कशावरून? तिच्याखाली खरंच चालतं का? ओतून द्यायला हात धजत नाही, मग मी नेमकं करायचं काय? आणि आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, ट्यूब घातलेली गौरी आता व्यायला आली आहे, तिच्या दुधाचं काय?"

प्रिय ताई,

सगळ्यात आधी त्या चार वर्षांच्या मुलाचं बोलू, कारण बाकीचं थांबू शकतं. औषध चालू असलेल्या गायीचं दूध आजपासून घरात वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात. पेनिसिलिन मात्र आपण घरी दूध तापवतो तेवढ्याने भरवशाने जात नाही. आजवर प्यायलेल्या दुधासाठी मुलाच्या तपासण्या करत बसायची गरज नाही. पण दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, घशात घरघर असं काही कधी झालं असेल तर डॉक्टरांना सांगा आणि दुधातून पेनिसिलिन गेलं असण्याची शक्यता आहे हेही सांगा. श्वासाला त्रास झाला तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तिघांचं म्हणणं वेगवेगळं असलं तरी तिघं एकच गोष्ट धरून चालले आहेत. मर्यादा म्हणजे एक रेघ, अलीकडे दूध आणि पलीकडे विष. मर्यादा तशी ठरवलीच जात नाही. ती कशी निघते हे एकदा पाहिलं की घरातला वाद बराचसा आपोआप सुटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून काम करते. तिला जेक्फा म्हणतात. ती औषधाच्या धोक्याचा अभ्यास करते आणि त्यावरून कोडेक्स ही १९६३ पासूनची आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्था मर्यादा जाहीर करते. आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आकडे एफएसएसएआय, म्हणजे भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, ठरवते. बहुतेक औषधांची वाट अशी असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कुठल्या मात्रेपर्यंत कसलाच अपाय दिसत नाही ते शोधायचं. ती मात्रा साधारण १०० ने भागायची. जनावर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १० आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १०. जे उरतं ते आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं प्रमाण. मग ६० किलोच्या माणसाचं एक मुद्दाम फुगवलेलं ताट कल्पायचं: रोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत, ५० ग्रॅम मूत्रपिंड, ५० ग्रॅम चरबी, दीड लिटर दूध, १०० ग्रॅम अंडी. या सगळ्यात औषध अगदी मर्यादेइतकं असलं तरी बेरीज त्या रोजच्या प्रमाणाच्या आत बसली पाहिजे.

तुमच्या ट्यूबमधल्या पेनिसिलिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याची भीती विषबाधेची नसते, ॲलर्जीची असते, आणि ती उंदरांवरून कळत नाही. माणसांमधल्या नोंदी पाहिल्यावर ४० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पेनिसिलिनने काहींना त्रास झाल्याचं आढळलं होतं. म्हणून १९९० मध्ये जेक्फाने सांगितलं की अन्नातून जाणारं पेनिसिलिन शक्य तितकं कमी ठेवा आणि कोणत्याही परिस्थितीत दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आत. कोडेक्सची मर्यादा आहे मांस, यकृत आणि मूत्रपिंडात किलोला ५० मायक्रोग्रॅम आणि दुधात लिटरला ४. ताटाची बेरीज करून पाहा. मांसातून १५, यकृतातून ५, मूत्रपिंडातून अडीच, दीड लिटर दुधातून ६. एकूण साडेअठ्ठावीस. तिसाच्या अगदी आत. दुधाचा आकडा इतका कडक का, ते या बेरजेत दिसतं.

याच्या शेजारी टेट्रासायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक ठेवू. तिथे प्रश्न होता आतड्यातल्या जंतूंचा: रोज थोडं थोडं औषध गेलं तर तिथे औषधाला न जुमानणारे जंतू वाढतील का? माणसांवरच्या अभ्यासात दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत तसा परिणाम दिसला नाही. त्यावरून किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १,८०० मायक्रोग्रॅम असं प्रमाण निघालं. कोडेक्सच्या मर्यादा मात्र मांसात २००, यकृतात ६००, मूत्रपिंडात १,२००, अंड्यांत ४०० आणि दुधात लिटरला १००. पूर्ण ताटाची बेरीज होते ३७०. चालण्यासारखे १,८०० असताना मर्यादा ३७० वर का थांबवली? कारण औषध लेबलप्रमाणे दिलं आणि सांगितलेला काळ दूध व मांस बाजूला ठेवलं, तर अवशेष एवढे खाली येतातच. मग त्याहून जास्त असू देण्याचं काही कारण नाही.

दिरांना समजावताना हाच मुद्दा सांगा. मर्यादा हा "इतकं टाकायला हरकत नाही" असा परवाना नसतो. गायीवर उपचार नीट झाले होते का, दूध वेळेवर बाजूला ठेवलं होतं का, हे तपासायची ती खूण आहे. पट्टीच्या तपासणीत दूध नापास झालं याचा अर्थ त्या कॅनमधलं दूध पिणारा आजारी पडलाच असता असा नाही. अर्थ एवढाच की गोठ्यात कुठेतरी तास चुकले.

आणि मिसळण्याचा हिशेब. १ लाख युनिट म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम पेनिसिलिन. ट्यूबनंतरच्या पहिल्या धारेत त्यातलं तिसरा हिस्सा, २० मिलिग्रॅम, बाहेर आलं आणि धार ४ लिटरची होती असं हिशेबापुरतं धरू. लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम झाले. मर्यादा आहे ४. म्हणजे ते दूध साडेबाराशे पट पातळ करावं लागेल. त्या एका धारेसाठी ५,००० लिटर स्वच्छ दूध हवं, आणि तुमच्या आठ गायी मिळून एका वेळेला देतात ४०. तुमच्या कॅनमध्ये दूध फार तर दहा पट पातळ होतं. दहा पट पातळ करून मर्यादेत बसायचं तर कपिलाचं दूध मुळातच ४० मायक्रोग्रॅमवर आलेलं हवं, आणि तिथवर ते आलं असेल तर आणखी एकदोन धारा थांबलं की प्रश्नच मिटतो. मिसळणं जिथे खरोखर जमतं तिथे त्याची गरज उरलेली नसते, आणि जिथे गरज वाटते तिथे ते पुरत नाही. शिवाय मुद्दाम मिसळून आकडा खाली आणणं ही फसवणूक आहे, हे दिरांना स्पष्ट सांगावं लागेल.

याच आकड्यांत सासूबाईंचंही उत्तर आहे. त्या पहिल्या धारेचा २०० मिलिलिटरचा एक पेला म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल ३०. तेच दूध मर्यादेत असतं, तर मुलाने अर्धा लिटर प्यायलं तरी पोटात २ मायक्रोग्रॅम गेले असते. बाजाराला नाकारलेलं दूध घराला चालतं ही समजूत अनेक गोठ्यांत आहे, आणि आजीची माया तिच्यामागे असते हेही खरं. पण यात सगळ्यात जास्त औषध सगळ्यात लहान माणसाच्या वाट्याला येतं.

मुलीशी बोलताना मात्र घाई करू नका. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. औषधांच्या अवशेषांचे बरेचसे अभ्यास औषध बनवणाऱ्या कंपन्याच सादर करतात आणि तज्ज्ञ ते तपासतात. यावर तरुण मुलीने प्रश्न विचारावा हे चांगलंच आहे. काही औषधांच्या बाबतीत ती शून्य म्हणते तेच जगाने मान्य केलं आहे. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे काही माणसांत अस्थिमज्जा रक्त बनवणंच थांबवते, आणि कमी मात्रा म्हणजे कमी धोका असं त्यात सांगता येत नाही. सुरक्षित मात्राच काढता येत नाही, म्हणून मर्यादाही नाही. अन्न देणाऱ्या जनावरांना ते द्यायचंच नाही. नायट्रोफ्युरानची तीच गत. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं शेवटच्या फळीतलं औषध, म्हणून २०१९ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. यांपैकी काही कुणी "स्वस्तात मिळतंय" म्हणून हातात दिलं तर घेऊ नका.

पण सरसकट शून्य म्हटलं की अडचण येते. शून्य मोजता येत नाही, यंत्राला दिसत नाही एवढंच सांगता येतं. यंत्र सुधारलं की कालचं शून्य आज आकडा होतो आणि दूध तेच असतं. शिवाय शून्य हवं तर आजारी गायीवर उपचारच नकोत, असं होऊन बसेल. दगडीने कळवळणाऱ्या जनावराला औषध नाकारणं मला मान्य नाही आणि तुमच्या मुलीलाही नसेल. माझ्या मते तिने पुढचा प्रश्न विचारायला हवा: अवशेषाची मर्यादा पाळली की काम झालं का? झालं नाही. दूध मर्यादेत असलं तरी गायीच्या पोटात, शेणात आणि गोठ्यात औषधाला सरावलेले जंतू तयार होऊ शकतात. त्याबद्दल लिटरला ४ हा आकडा काहीच सांगत नाही. तिथे उपाय एकच, औषधाची गरजच कमी पडू देणं. त्याकडे येतेच.

तुमच्या हातात मायक्रोग्रॅम मोजायचं यंत्र नाही, ताई. घड्याळ आहे. लेबलवर "दूध वापरू नये: ७२ तास" असं लिहिलेलं असतं, त्यालाच विड्रॉअल पिरियड म्हणतात. तो ठरवताना गायींच्या गटाला नेमक्या मात्रेत औषध देतात, प्रत्येक धारेचं दूध तपासतात आणि सरासरी गाय कधी स्वच्छ होते तेवढं न पाहता हळू स्वच्छ होणाऱ्या गायीही बसतील इतका वेळ धरतात. म्हणजे कोडेक्सचा आकडा तुमच्या गोठ्यात तासांचं रूप घेऊन येतो. पण ते तास लेबलवरचं औषध, लेबलवरची मात्रा, लेबलवरचा मार्ग आणि तेच जनावर असेल तरच खरे असतात. तीनऐवजी पाच ट्यूबा घातल्या, दोन सडांत घातल्या, सोबत इंजेक्शन दिलं, गायीचं औषध म्हशीला वापरलं, की लेबलवरचे तास तुमच्या कामाचे राहत नाहीत. अशा वेळी पशुवैद्यकांकडून नवा काळ लिहून घ्या. दोन औषधं एकत्र असतील तर ज्याचा काळ मोठा तो धरायचा. वेदनाशामकाचाही स्वतःचा काळ असतो, तो विसरू नका.

कपिलाच्या वेळी चूक इथेच झाली. सुट्या ट्यूबा आणल्या म्हणजे तास लिहिलेला खोका आणि आतला कागद दुकानातच राहिला. २०१२ पासून औषध नियमांत असं आहे की अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधावर हा काळ छापलाच पाहिजे, आणि त्या जनावरासाठी तो तपासून ठरवलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचा. खोका हाताशी नसेल आणि डॉक्टरही सापडत नसतील तर दुधासाठी ७ दिवस धरा. याची किंमत मोजून बघा. कपिला आजारात रोज ८ लिटर देत होती, म्हणजे २७२ रुपये. खोक्यावर ७२ तास असते तर औषधाचे तीन आणि नंतरचे तीन असे सहा दिवस, १,६३२ रुपये गेले असते. खोका नाही म्हणून सात धरले तर दहा दिवस, २,७२० रुपये. फरक १,०८८ रुपयांचा. पुढच्या वेळी दुकानदाराने ट्यूब सुटी दिली तरी खोक्याच्या सगळ्या बाजूंचे आणि आतल्या कागदाचे फोटो तिथेच काढून घ्या. प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चिठ्ठीवर मात्रेसोबत "दूध कधीपासून" हेही लिहून द्या असा आग्रह धरा. तो तुमचा हक्क आहे.

तास मोजायचे शेवटच्या मात्रेपासून, पहिल्या नव्हे. समजा शेवटची ट्यूब मंगळवारी सकाळी ७ वाजता घातली आणि लेबलवर ९६ तास आहेत. मुदत संपते शनिवारी सकाळी ७ ला. तुमची सकाळची धार साडेसहाला होत असेल तर शनिवार सकाळचंही दूध धरायचं नाही, संध्याकाळपासून घालायचं. एका सडात ट्यूब घातली म्हणून बाकी तीन सडांचं दूध चालत नाही, कारण औषध रक्तातून इतर सडांतही थोडं उतरतं. चारही सडांचं दूध बाजूला. आणि धार पूर्ण काढा. कासेत दूध ठेवून दिलं तर औषध बाहेर पडायला वेळ लागतोच, दगडीही चिघळते.

दूध परत येण्याचं आणखी एक कारण गोठ्यात सहज नजरेआड होतं, ते म्हणजे भांडं. वरच्या हिशेबातलं ५,००० मायक्रोग्रॅमचं दूध बादलीच्या तळाला फक्त ५० मिलिलिटर राहिलं, लहान कपभर चहाइतकं, तर त्यात २५० मायक्रोग्रॅम असतात. ते ४० लिटरच्या कॅनमध्ये गेलं की लिटरला सव्वासहा. कॅन परत. म्हणून औषधाच्या गायीची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत. मिल्किंग मशिन असेल तर तिच्यासाठी शेवटी वापरून लगेच धुवायचं. त्या गायीच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधा आणि गोठ्याच्या दारात फळ्यावर खडूने लिहा: कपिला, शेवटची मात्रा मंगळवार स. ७, दूध शनिवार संध्याकाळपासून. घरात धार काढणारे हात बदलतात. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, इथेच गडबड होते. फळा पुसला जातो म्हणून वहीही ठेवा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, औषध, मात्रा, कुठून दिलं, शेवटच्या मात्रेची तारीख-वेळ, दूध सुरू केल्याची तारीख-वेळ. पुढे कॅनवरून वाद झाला तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

केंद्रावरच्या पट्टीबद्दल थोडं. ती काही ठरावीक औषधकुळंच ओळखते, बहुतेक वेळा पेनिसिलिनचं कुळ आणि टेट्रासायक्लिन. पट्टी निर्दोष आली म्हणजे दुधात कुठलंच औषध नाही असं नव्हे. "पट्टीत न सापडणारं औषध वापरा" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दूध पिणाऱ्याच्या पोटाला पट्टीत काय दिसतं याच्याशी देणंघेणं नाही, आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत इतर तपासण्याही होतात. घरी विरजण लावून पाहणं हीही खात्रीची परीक्षा नाही. पेनिसिलिन असलं तर दही नीट लागत नाही हे खरं, पण दही लागलं म्हणून दूध मर्यादेत आहे असं म्हणता येत नाही. जंतूंची वाढ रोखली जाते का यावर चालणारी दुसरी एक तपासणी असते, ती दोनतीन तास घेते. चीक किंवा दगडीच्या दुधात गायीचीच नैसर्गिक जंतुरोधक द्रव्यं जास्त असतात, त्यामुळे तिथे औषध नसतानाही कधी कधी दोष दिसतो. व्यायल्यावरचे पहिले दिवस दूध केंद्राला घालू नये, याला हेही कारण आहे.

चुकून मिसळलंच गेलं तर काय? टँकर निघायच्या आत केंद्राच्या सचिवांना फोन करा. तुमचा एक कॅन गेला तर १,३६० रुपये. तो टँकरमध्ये मिसळला तर गावातल्या सगळ्यांचं दूध जाऊ शकतं. सांगितल्याबद्दल कमीपणा वाटायचं कारण नाही. उलट तुमच्या संस्थेच्या पुढच्या सभेत हा विषय काढा: औषधाच्या काळात दूध घातलं नाही याची वहीत नोंद दाखवणाऱ्या सभासदाला थोडी भरपाई देणारा निधी काढता येईल का? प्रामाणिकपणाचा सगळा खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसायचा, ही व्यवस्था मला योग्य वाटत नाही. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले तेव्हा ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली, साधारण १.२ टक्के. बहुतेक नमुने मर्यादेत होते, हे केंद्रावर सांगण्यासारखं आहे.

बाजूला काढलेलं दूध वासरांना पाजू नका. ओतायला हात धजत नाही म्हणून बरेच जण तेच करतात, आणि वासराच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू तिथूनच वाढतात. ओढ्यात किंवा विहिरीजवळही नको. उकिरड्याच्या खड्ड्यात शेण-पाचोळ्यात मिसळून टाका.

आता गरजच कमी करण्याबद्दल. दगडी होऊ नये म्हणून केलेलं काम कुठल्याही ट्यूबेपेक्षा स्वस्त पडतं. धारेआधी सड पुसून कोरडे करा, प्रत्येक गायीला वेगळं फडकं. पहिल्या तीनचार पिळी काळ्या कपड्यावर किंवा काळ्या तळाच्या वाटीत घ्या, गुठळी किंवा पाणी लगेच दिसतं. धार संपल्यावर ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहील. त्या वेळेत सडाचं तोंड उघडं असतं, आणि ओल्या शेणात बसली की जंतू तिथून आत शिरतात. पंधरा दिवसांतून एकदा सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट करा. चार खणांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं दूध आणि तेवढंच द्रावण घेऊन गोल फिरवायचं. दाटसर जेल झाली तर तो सड आतून सुजला आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

सौम्य दगडीत, म्हणजे गाय खाते आहे, ताप नाही, फक्त दुधात गुठळ्या आहेत, अशा वेळी प्रत्येक वेळी प्रतिजैविक लागतंच असं नाही. आधी दुधाची तपासणी करून जंतू कोणता ते पाहता येतं. नमुना औषध देण्याआधी, सड स्पिरिटने पुसून, स्वच्छ बाटलीत घ्यायचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा लेप सुचवतं. सुरुवातीच्या सुजेत तो करून बघायला हरकत नाही. पण गाय वैरण सोडते, अंग तापतं, कास दगडासारखी गरम-घट्ट होते किंवा दूध पाण्यासारखं-रक्ताळ येतं, तेव्हा लेपावर एक दिवसही घालवू नका. डॉक्टर बोलवा आणि जे औषध लागेल ते पूर्ण मात्रेत द्या. दूध बुडेल म्हणून औषध अर्धवट सोडलं तर दगडी परत येते आणि पुन्हा तितकेच दिवस जातात.

शेवटी गौरी. तुम्ही कळवलंय की तिला २० सप्टेंबरला आटवताना चारही सडांत ट्यूब घातली, आणि या वेळी खोका जपून ठेवलाय. त्यावर लिहिलंय: ४२ दिवसांनंतर व्यायली तर व्यायल्यापासून ४ दिवस, त्याआधी व्यायली तर ४२ दिवस अधिक ४ दिवस दूध वापरू नये. आटवणीच्या ट्यूबा मुद्दाम हळू विरघळणाऱ्या बनवलेल्या असतात, म्हणून हे आकडे एवढे मोठे. २० सप्टेंबरपासून ४२ दिवस १ नोव्हेंबरला पूर्ण होतात. त्याआधी व्यायली तर कधीही व्यायली असली तरी ५ नोव्हेंबरपर्यंत दूध बाजूला. नंतर व्यायली तर व्यायल्याच्या वेळेपासून मोजून ४ दिवस. तारीख आजच फळ्यावर लिहून टाका.

चीक मात्र वासराला पाजाच, पहिल्या दोन तासांत किमान दोन लिटर. वासरांना औषधाचं दूध नको असं वर म्हटलं, पण चिकाशिवाय वासराला रोगाशी लढायची ताकदच मिळत नाही. इथे चिकाचा फायदा मोठा आहे. शेजारीपाजारी खरवसाला वाटी घेऊन येतील तेव्हा त्यांना सांगा की गौरीच्या चिकाचा खरवस या वेळी नाही, आटवताना ट्यूब न घातलेली पुढची गाय व्यायली की पाठवते.